स्टार पिचरसाठी पोरं देऊन टाकताना या चुका टाळा

जुलै संपत आला, ट्रेडची म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली की आमच्या बेसबॉल फॅन्टसी लीगमधले (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या खऱ्या आकड्यांवर खेळायचं) नवे भिडू म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, स्टार पिचर (चेंडू टाकणारा) पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि बदल्यात तीन प्रॉस्पेक्ट, म्हणजे पुढे चमकतील अशी पोरं, देऊन मोकळे. अरे, खऱ्या संघांचे जीएम (जनरल मॅनेजर) यात तोंडावर आपटलेत, आपण कोण!

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे नाव बघून ट्रेड. ३१ जुलै २०१८ ला मी पिट्सबर्गला होतो. तिथल्या पायरेट्स संघाने त्याच महिन्यात सलग ११ मॅच मारलेल्या, सगळे हवेत, आणि टँपा बेच्या रेज संघाकडून पिचर क्रिस आर्चर आणला. ऑफिसात मी पण नाचलो, खोटं कशाला बोलू. दोनदा ऑलस्टार ना, मग त्या सीझनचा ४.३१ ईआरए (पिचर नऊ इनिंगमागे साधारण किती रन देतो तो आकडा, कमी तितका भारी) बघतंय कोण. दिलं काय? ऑस्टिन मेडोज, टायलर ग्लासनाऊ, आणि वर 'नाव नंतर सांगू' म्हणून एक, तो निघाला शेन बाझ, आदल्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पहिल्या राउंडचा पिक! २०१९ ला आर्चर ३ जिंकला, ९ हरला, ईआरए ५.१९. तिकडे मेडोजचे ३३ होमरन. आणि ग्लासनाऊ, जो आमच्याकडे बुलपेनमध्ये (मॅचच्या मधे येणाऱ्या पिचरांत) सडत होता, त्याला रेजनी नेल्या नेल्या स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, केलं, २०१९ मध्ये १२ स्टार्ट, ईआरए १.७८.

तेव्हापासून समोरच्याने माझ्या टाकाऊ पोराचं नाव स्वतःहून काढलं की मी थांबतो, त्या पोराचे चार व्हिडिओ बघतो आणि रात्र जाऊ देतो. मुदतीला पाच मिनिटं उरलीत म्हणून हो म्हणणाऱ्यांना माझ्याकडे औषध नाही. ट्रेड कॅल्क्युलेटरवाल्यांना (ट्रेड बरोबरीचा आहे का ते आकड्यांत सांगणारं साधन वापरणाऱ्यांना) तर त्याहून नाही.

कॉन्ट्रॅक्ट किती उरलंय ते बघा. पिचर कॉर्बिन बर्न्स ट्रेडमधून ओरिओल्स संघाकडे आला, २०२४ चा एक सीझन खेळला आणि गेला अ‍ॅरिझोनाला. कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलंय हे ओरिओल्सना आधीच माहीत होतं, तुम्हाला असतं का?

१९८७ ला टायगर्स संघाने ३६ वर्षांच्या पिचर डॉयल अलेक्झांडरसाठी तरुण पिचर जॉन स्मोल्ट्झ दिला म्हणून लोक अजून हसतात. स्मोल्ट्झ हॉल ऑफ फेममध्ये गेला हे खरंच, पण अलेक्झांडर तिथे ९ जिंकला, एकही हरला नाही, आणि टायगर्सनी डिव्हिजन (आपला गट) जिंकली, मी तरी हसणार नाही.

उलटी चूक म्हणजे पोरांना कवटाळून बसणे. रेड सॉक्स संघाने २०१६ ला पिचर क्रिस सेलसाठी योआन मोंकाडा दिला, त्या वेळचा सगळ्यात गाजलेला प्रॉस्पेक्ट, मायकल कोपेक वेगळा. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा (अंतिम फेरीचा) रेड सॉक्सना जिंकून देणारा शेवटचा आउट सेलनेच काढला, स्लायडर (वळणारा चेंडू) टाकला आणि समोरचा बॅटर मचाडो एका गुडघ्यावर.