राष्ट्रपती भवन बघायला निघण्याआधी

दिल्लीची गाडी किंवा विमान ठरवण्याआधी भवनाचं बुकिंग करा. बहुतेक जण उलटं करतात. आग्रा, कुतुबमिनार सगळं जमतं आणि इथली तारीख नेमकी भरलेली निघते. बुकिंग भवनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होतं, मधल्या एजंटाला पैसे देऊ नका. मुख्य इमारत, संग्रहालय आणि अमृत उद्यान यांची नोंदणी वेगवेगळी असते. बाग वर्षभर खुली नसते. फेब्रुवारीत ती उघडली की काही आठवडेच बघायला मिळते, म्हणून गुलाबांसाठी जायचं असेल तर महिना आधी ठरवा. नोंदणीत दिलेलं ओळखपत्र मूळ प्रतीतच खिशात हवं. पिशव्या हॉटेलवरच ठेवा आणि आत फोटो काढता येणार नाहीत, असं धरूनच निघा. चपला-बूट चालायला सोयीचे घाला. ३४० खोल्या आणि अडीच किलोमीटर व्हरांडे असलेलं हे घर आहे. त्यातलं थोडंच दाखवतात, पण तेवढ्यानेही पाय बोलतात.

थोडी उजळणी प्रवासातच करून घ्या. इंग्रज बादशहा पंचम जॉर्जच्या १९११च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायचं जाहीर झालं. त्यासाठी रायसीना आणि मालचा या गावांतली सुमारे ३०० कुटुंबं उठवली गेली. वास्तुविशारद ल्युटेन्सची ही इमारत १९२९मध्ये राहण्याजोगी झाली आणि व्हाइसरॉय आयर्विन तिथे आले. १९४८मध्ये राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून आले. त्यांनी व्हाइसरॉयच्या प्रशस्त दालनांकडे पाठ फिरवून लहान खोल्या पसंत केल्या. धान्यटंचाई होती, तेव्हा आवारातल्या काही जमिनीत त्यांनी गहू पेरला. ती मोठी दालनं पाहुण्या राष्ट्रप्रमुखांसाठी राहिली आणि राष्ट्रपती त्या लहान बाजूलाच राहतात. ‘ते नेमके कुठे राहतात?’ हा प्रश्न गाईडला जरूर विचारा, फक्त वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे बोट दाखवून विचारू नका. सुरक्षा रक्षकांना विनोद कळतो, पण कामाच्या वेळी नाही.

बंदोबस्त नसेल तर टॅक्सीने थेट दारात उतरू नका. सेंट्रल सेक्रेटेरिएट मेट्रोने या, विजय चौकात थांबा आणि समोर बघा. एवढी प्रचंड इमारत चढामागे बुडालेली दिसते, वर नुसता घुमटाचा माथा. दोन्ही सचिवालयं बांधणारा बेकर आणि ल्युटेन्स यांचं या चढावरून जे बिनसलं, ते मिटलं नाही. ल्युटेन्स हरला आणि या पराभवाला, नेपोलियन जिथे हरला त्या वॉटर्लूच्या चालीवर, ‘बेकरलू’ म्हणू लागला. चढ पायी चढाल तेव्हा त्याचा राग पटेल.

आत गेल्यावर खांबांचे माथे बघा, कोपऱ्यांत दगडी घंटा कोरल्या आहेत. घंटा वाजल्या की राजवट बुडते, असा जुना समज होता, म्हणून या न वाजणाऱ्या घंटा बसवल्या असं सांगतात. राजवट मात्र गेली. १५ ऑगस्ट १९४७ला नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी इथल्याच दरबार हॉलमध्ये झाला. २०२४पासून त्याचं नाव गणतंत्र मंडप आहे, जुनी पुस्तकं वाचून जाणाऱ्यांनी गोंधळू नये. अशोक मंडपाचं छत बघायला मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. बघा, पण माझ्या मते भोजनकक्षाला जास्त वेळ द्या. १०४ माणसं एका लांबलचक टेबलाशी बसतात. भिंतीवर माजी राष्ट्रपतींची तैलचित्रं आहेत आणि त्यांच्या वर छोटे रंगीत दिवे. पाहुण्यांना ते सजावट वाटतात, वाढप्यांना मात्र तो हुकूम असतो. कधी वाढायचं आणि कधी ताटं उचलायची, हे दिव्याच्या रंगावरून कळतं. त्यामुळे कुणाला हाक मारावी लागत नाही, की हातवारे करावे लागत नाहीत. ते दिवे कुठे आहेत, हे गाईडला दाखवायला लावा.

मुदपाकखान्याबद्दलही विचारा. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना तिथे मच्छिंद्र कस्तुरे हे मराठी शेफ मुख्य होते. ‘दाल रायसीना’ हा अख्ख्या उडदाचा पदार्थ त्यांच्याच काळातला. २०१९च्या मोदी सरकारच्या शपथविधीच्या जेवणात ती होती, तेव्हा ती ४८ तास शिजवल्याच्या बातम्या आल्या होत्या. भाज्या पिकवायला आवारातच ‘दालीखाना’ नावाची बाग आहे. चव मात्र आपल्याला मिळत नाही, तेव्हा डबा नाही तरी निदान पोटभर नाश्ता करून जा.

जुने तबेले आणि गॅरेज यांतून केलेलं संग्रहालय सोडू नका. पंचम जॉर्जची १९११च्या दरबारातली चांदीची खुर्ची तिथे आहे, वजन ६४० किलो. बग्गीची गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. फाळणीत ही व्हाइसरॉयची गाडी कुणाची, यावर नाणं उडवलं आणि भारत जिंकला, असं सांगतात. २०२४च्या प्रजासत्ताक दिनाला राष्ट्रपती मुर्मू आणि फ्रान्सचे मॅक्रॉन बग्गीतून संचलनाला आले होते.

शनिवारी दिल्लीत असाल तर रक्षक बदलण्याचा कार्यक्रम ठरवून घ्या. राष्ट्रपतींचे घोडेस्वार अंगरक्षक त्यात दिसतात, आणि ही तुकडी १७७३पासूनची, म्हणजे भवनाहून दीडशे वर्षांनी जुनी. उन्हात बसावं लागतं. टोपी घ्या आणि निघण्याआधी संकेतस्थळावर वेळ पुन्हा तपासा, ती ऋतूप्रमाणे बदलते.