डेटा सेंटरमधल्या जवळच्या लिंकसाठी फायबर कसं निवडावं: ओएम३, ओएम४ की ओएस२?

ओएम३, ओएम४ आणि ओएम५ हे मल्टिमोड, म्हणजे जाड गाभ्याचे फायबर; ओएस२ सिंगलमोड, म्हणजे बारीक गाभ्याचं. फायबर निवडताना आधी विचारला जातो तो स्पीड. खरं तर सुरुवात दोन आकड्यांपासून करावी: केबल ट्रेमधून जाईल तशी मोजलेली लांबी, आणि वाटेत येणारे जोड. नकाशावर दोन रॅकमधलं अंतर ३० मीटर दिसतं. वर चढणं, ट्रेमधली वळणं, खाली उतरणं आणि दोन्ही टोकांचा स्लॅक (राखीव ठेवलेली जादा लांबी) धरला की ते सहज ४५ वर जातं.

एकाच रॅकमधल्या जोडणीला फायबर लागतच नाही. २५ जी (सेकंदाला २५ गिगाबिट) आणि १०० जी सीआर४ ला डॅक, म्हणजे तांब्याची तयार केबल ५ मीटरपर्यंत चालते. दर लेनला (सिग्नलच्या प्रत्येक समांतर वाटेला) १०० जी असलेल्या ४०० जी सीआर४ मध्ये मात्र ही मर्यादा २ मीटरवर येते, म्हणून रॅकमधली उपकरणांची जागा आधीच ठरवून घ्या.

त्यापुढे मल्टिमोड. आयईईईच्या मानकांप्रमाणे १० जी एसआर (मल्टिमोडवरचा जवळच्या अंतराचा प्रकार; एसआर४ मध्ये चार लेन) ओएम३ वर ३०० आणि ओएम४ वर ४०० मीटर जातं. ४० जी एसआर४ ला हेच १०० आणि १५० मीटर, १०० जी एसआर४ ला ७० आणि १००. ४०० जी एसआर४ ओएम३ वर ६०, ओएम४ वर १०० मीटर. त्याचं स्वस्त भावंड व्हीआर४ अनुक्रमे ३० आणि ५० मीटर. म्हणजे १० जीच्या काळात २०० मीटरवर टाकलेला ओएम३ ट्रंक (रॅकांमधली कायमची केबल) आजही उत्तम चालत असेल, पण त्यावर १०० जी एसआर४ चालेल असं धरून मॉड्यूल (पोर्टमध्ये बसणारं, सिग्नलचा प्रकाश करणारं उपकरण) मागवू नका.

ओएम५ बद्दल विक्रेते आग्रह धरतात. ८५० नॅनोमीटरवर त्याची बँडविड्थ ओएम४ एवढीच आहे, त्यामुळे साध्या एसआर४ ला एक मीटरही जास्त मिळत नाही. फायदा होतो तो एकाच फायबरवर अनेक तरंगलांबी वापरणाऱ्या मॉड्यूलना. उदाहरणार्थ ४०० जी एसआर४.२ ओएम४ वर १०० आणि ओएम५ वर १५० मीटर जातं. तसली मॉड्यूल घेणार नसाल तर ओएम४ पुरे.

आमचं स्पष्ट मत: रांगेच्या आतल्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या छोट्या केबल) ओएम४ ठेवा, पण रांगांमधले आणि हॉलमधले कायमचे ट्रंक नव्याने टाकत असाल तर ओएस२ टाका. ओएस२ ची केबल स्वस्त असते, महाग असतात ती मॉड्यूल. आणि मॉड्यूल काही वर्षांनी बदलतातच, ट्रे उचकटून केबल कोणी बदलत नाही. सिंगलमोडची १०० जी डीआर आणि ४०० जी डीआर४ मॉड्यूल दोन्ही ओएस२ वर ५०० मीटर जातात, एफआर प्रकार २ किलोमीटर.

लॉसचा हिशेब

१०० जी एसआर४ ला ओएम४ वर पूर्ण वाटेसाठी १.९ डीबी लॉस (वाटेत कमी होणारा प्रकाश) चालतो. ८० मीटर फायबरचे किलोमीटरला ३ डीबीप्रमाणे ०.२४ होतात, बाकी सगळं जोडांवर जातं. ०.३५ डीबीचे लो-लॉस एमपीओ (अनेक फायबर एकत्र जोडणारे कनेक्टर) असतील तर चार जोडांचे १.४, एकूण १.६४: बसतं. मानकात चालणारे ०.७५ डीबीचे जोड घेतले तर दोन जोडांतच १.७४, आणि तिसरा आला की २.४९. लांबी मर्यादेत असूनही ती लिंक हिशेबात नापास आहे. म्हणून खरेदीच्या ऑर्डरमध्ये जोडाचा कमाल लॉस आकड्यात लिहा. ‘चांगल्या प्रतीचे’ एवढं लिहून भागत नाही.

एमपीओ मागवताना

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. मॉड्यूलच्या तोंडात पिन असतात, म्हणून पॅच कॉर्ड दोन्ही टोकांना बिनपिनांची आणि ट्रंक दोन्ही टोकांना पिनांचा मागवा. दोन बिनपिनांची टोकं अडॅप्टरमध्ये बसतात, पण फायबर समोरासमोर येत नाहीत आणि लॉस वाढतो.

पोलॅरिटी, म्हणजे कोणतं फायबर पलीकडे कुठे निघतं तो क्रम, टाइप बी ठेवा. या केबलमध्ये १ नंबरचं फायबर पलीकडे १२ वर निघतं. पॅच, ट्रंक, पॅच असे तिन्ही तुकडे टाइप बी असले की क्रम तीनदा उलटतो आणि टीएक्स (पाठवणारी बाजू) आरएक्सला (घेणाऱ्या बाजूला) मिळतो. मध्ये एक टाइप ए (जिथे १ चं फायबर १ वरच निघतं) घुसला की क्रम दोनदाच उलटतो, टीएक्स टीएक्सला भिडतो आणि लिंक येत नाही.

डीआर४ चं एमपीओ टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं, म्हणजे एपीसी असतं. १०० जी एसआर४ चं सपाट. ४०० जी एसआर४ मल्टिमोड असूनही एपीसी मागतं, तिथे जुन्या सपाट कॉर्ड वापरू नका. केबल ओळखताना रंगावर विसंबू नका: पिवळी बहुधा ओएस२, पण ॲक्वा ओएम३ ही असते आणि ओएम४ ही. जॅकेटवरची छपाई वाचा.

लिंक येत नसेल तर

मॉड्यूलचं डीडीएम (त्याने स्वतः मोजलेले पॉवरचे आकडे) उघडा आणि चारही लेनची आरएक्स पॉवर वेगवेगळी पाहा. तीन लेन उणे १ डीबीएमच्या आसपास आणि एक उणे ६ वर असेल तर बहुधा एका फायबरच्या टोकावर धूळ आहे. एका लेनपायी पूर्ण १०० जी अडतं. एमपीओ क्लीनरने कोरडं पुसा, केबलचं टोक आणि मॉड्यूलचं तोंड दोन्ही, नाहीतर पुसलेलं टोक घालताच पुन्हा मळतं. मग स्कोपखाली पाहा आणि नंतरच जोडा. नव्या पाकिटातली केबलसुद्धा याला अपवाद नाही.

चारही लेनची पॉवर ठीक आणि तरी लिंक बंद? एफईसी (वाटेतल्या चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय) तपासा. १०० जी एसआर४ ला तिचा आरएस-एफईसी हा प्रकार लागतो. एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असेल तर लिंक उभी राहत नाही. स्विच आणि सर्व्हर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर ‘ऑटो’वर न सोडता दोन्हीकडे हाताने सेट करा.

सिंगलमोड मॉड्यूल मल्टिमोड केबलवर कधीकधी चालल्यासारखं वाटतं, पण एरर येत राहतात. उलट एसआर मॉड्यूलला पिवळी केबल लावली तर ५० मायक्रॉनच्या गाभ्यासाठी सोडलेला प्रकाश ९ मायक्रॉनमध्ये मावत नाही आणि बहुतेक पॉवर तिथेच वाया जाते.