बुटात नवा इनसोल टाकताय? या चुका टाळा

साताऱ्यात बुटांच्या दुकानात काम करताना दिवसातून एकदा तरी हे ऐकावं लागतं: "टाच दुखतेय, एखादा मऊ सोल द्या." सोल म्हणजे इथे इनसोल, बुटाच्या आत तळव्याखाली घालायची सुटी गादी. गिऱ्हाईक जेलचा सोल अंगठ्याने दाबून बघतं, "हाच द्या" म्हणतं आणि निघतं. पण अंगठ्याने दाबणं वेगळं आणि साठ-सत्तर किलो वजन घेऊन दिवसभर चालणं वेगळं. फार मऊ सोल वजनाखाली पार चेपतो, टाच आत डुलत राहते आणि तळपायाच्या खळग्याला टेका मिळत नाही. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं टाच टोचत असेल आणि मग जरा सैल पडत असेल, तर बऱ्याचदा टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पडदा दुखावलेला असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. अशा पायाला खळग्याखाली आधार आणि टाचेला खोलगट वाटी लागते, नुसती गादी पुरत नाही. मी सोल फरशीवर ठेवतो आणि गिऱ्हाइकाला त्यावर एका पायावर उभं करतो. खळगा भरल्यासारखा वाटला पाहिजे, खडा रुतल्यासारखा नाही.

दुसरी चूक बघितली की मला खरंच राग येतो. जुना सोल न काढता त्यावरच नवा बसवायचा!

पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा माझ्याकडून सोल घेऊन गेला. "जुना काढून मगच घाल, आणि पहिले काही दिवस नुसतं चाल," असं मी त्याला दोनदा बजावलं होतं. भरतीच्या १६०० मीटरची त्याला घाई. दुसऱ्याच दिवशी गडी यवतेश्वरचा घाट पळत चढला आणि पळतच उतरला. चार दिवसांनी लंगडत दुकानात आला. अंगठ्याचं नख काळंनिळं, टाचेला मागून फोड, घोटा सुजलेला. बुटात हात घातला तर दोन सोल एकावर एक! पाय वर उचलला गेल्याने टाच बुटाच्या मागच्या ताठ कडेत बसतच नव्हती. पुढे बोटांना जागा उरली नव्हती, म्हणून उतारावर प्रत्येक पावलाला अंगठा टोकावर आदळत होता. पोरग्याचे तीन आठवडे वाया गेले. सोल वाईट नव्हता.

म्हणून माझी पद्धत सांगतो. जुना सोल बाहेर काढायचा, नव्यावर ठेवून पेनने रेघ मारायची आणि फक्त बोटांकडून, रेघेच्या जरा बाहेरून कापायचं. मग घालून बघायचं, लागलं तर पुन्हा कापायचं. टाचेकडून कात्री लावली की वाटीच गेली. पहिल्या दिवशी घरातल्या घरात तास-दोन तास, मग रोज थोडं वाढवत एक-दोन आठवड्यांनी दिवसभर. अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ त्यानंतर.

बाकीच्या चुका थोडक्यात. बूट सकाळी घेऊ नका, संध्याकाळी पाय जरा सुजलेले असतात. दुखणाऱ्या एकाच पायात जाड सोल घालू नका, दोन्ही पायांत सारखे हवेत. पावसाळ्यात भिजलेला सोल बुटातच ठेवू नका. काढून सावलीत वाळवा, कडक उन्हात तो आकसतो. आणि महागडा करून घेतलेला सोलच गुण देतो असं नाही, साध्या टाचदुखीला तयार सोलही बहुतेकांना पुरतो. पोटऱ्या ताणायचा व्यायाम मात्र करायलाच हवा. लोक नेमका तोच टाळतात.

मधुमेह असेल आणि तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर माझ्याकडूनही सोल घेऊ नका, आधी डॉक्टरांना पाय दाखवा. बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवा. गेल्या वर्षी एका काकांच्या बुटातून मी वर आलेला खिळा काढला. दोन दिवस ते त्यावरून चालत होते. मोजा रक्ताने चिकटला, तेव्हा कुठे त्यांना कळलं.