बाळ खुजं का राहिलं? वस्तीत मोजायला जाताना या चुका टाळा

नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भे स्टोअरपर्यंतच्या वस्त्यांमध्ये मुलांची उंची-वजनं घेत मी बरीच वर्षं फिरते आहे. स्वयंसेवक बदलतात, चुका त्याच राहतात.

पहिली चूक वयाची. खुजेपणा म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. वयच चुकलं तर सगळं मुसळ केरात. आई "दीड वर्षाची असेल" म्हणाली की आमची पोरं फॉर्मवर १८ महिने लिहून मोकळी! दिघ्याला डोंगराच्या अंगावरच्या एका खोलीत असंच झालं. मुलगी १८ महिने, लांबी ७८ सेंमी, शेरा 'सर्वसाधारण'. पुढच्या आठवड्यात मी तपासायला गेले, तर त्याच मुलीने मला दारातच सुनावलं, "चप्पल बाहेर काढ." दीड वर्षाचं पोर असं बोलत नाही. आईला विचारलं, पोळ्याच्या आधी झाली की नंतर? ती म्हणाली, "मागल्याच्या मागल्या पोळ्याला तर रांगत होती, ताई." मग फळीवरचा पत्र्याचा डबा खाली आला आणि त्यातून माता-बाल कार्ड निघालं. मुलगी २६ महिन्यांची होती. पुरी दोन वर्षांची मुलगी उभी मोजून ७९.३ सेंमीच्या खाली भरली तर ती खुजी धरतात. म्हणजे आमच्या कागदावरची धडधाकट मुलगी खरी केव्हाच मागे पडलेली.

तेव्हापासून मी कार्ड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वयाचा रकाना भरत नाही. कार्ड गावी राहिलं असेल तर सणावारांवरून महिना काढते. दहा मिनिटं जातात, जाऊ देत. एका सकाळी चाळीस मुलं उरकल्याचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही.

दोन वर्षांखालचं मूल निजवून मोजायचं, वरचं उभं करून. दोन्हींत ०.७ सेंमीचा फरक धरतात. गुडघा दाबून सरळ करा, डोक्यावरची शेंडी सोडा.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी हिरवी, म्हणजे 'ठीक', आली म्हणून निवांत होऊ नका. ती रोडपणा दाखवते, उंची नाही.

"आई-बापच बुटके आहेत हो." हे ऐकून कान किटले. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची मानकं सहा देशांतल्या मुलांवरून केली आहेत, त्यांत भारतातलीही मुलं आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी निघाली. एवढ्या सगळ्यांना आनुवंशिकता चिकटली का?

आता माझा खास राग: वरणाचं पाणी. सहा महिने पुरे झाले की बाळाला वरवरचं पिवळं पाणी पाजतात, खालची डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. एवढंसं पोट, ते पाण्यानेच भरतं. मी भाषण देत नाही, चमचा मागते. चमचा तिरका केला आणि घास घळकन पडला तर पातळ. मग तिथेच डाळ-भात बोटांनी कुस्करायचा, वर चमचाभर तेल. घरात चालत असेल तर अंडं. आणि चहा-बिस्किट हे जेवण नव्हे.

दुसरीकडे, नुसतं "खायला घाला" सांगून परतणारेही चुकतातच. पिंपात हातासकट तांब्या बुडतो, पोर महिन्याआड जुलाबाने आडवं होतं. असं वारंवार झालं की आतड्याला सूज राहते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून गेल्या तीन महिन्यांत जुलाब किती वेळा झाले, हे मी ताटाच्या आधी विचारते. दांड्याचं ओगराळं घ्यायला लावते. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की पाकीट कोनाड्यात जातं, तेवढं बघा. आणि जुलाबात दूध, जेवण तोडू नका.

उंची वाढवणाऱ्या डब्यातल्या पावडरी: त्या पैशांत महिनाभर अंडी येतात.

दिघ्याच्या त्या पत्र्याच्या डब्यात कार्डाखाली लाल गोळ्यांची पाकिटं होती, लोहाच्या. एकही फोडलेलं नव्हतं. आईला पुन्हा सहावा महिना लागला होता. गोळ्यांनी मळमळतं म्हणाली. रात्री जेवून झोपताना घे म्हटलं, आणि पहिलं पाकीट माझ्यासमोर फोडून घेतलं.