खिडकी मोठी केली, फॉर्म मात्र कोपऱ्यातच?

पायथॉनच्या टीकिंटरमध्ये (खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) ग्रिड, म्हणजे ओळी-कॉलमांच्या खणांची मांडणी, वापरून फॉर्म मांडला, छान दिसला. खिडकी मॅक्सिमाइझ केली की मात्र सगळं वर डाव्या कोपऱ्यात गोळा. बहुतेक जण अशा वेळी 'स्टिकी'च्या मागे लागतात. पण स्टिकी विजेटला (लेबल, चौकट, बटण असा खिडकीतला घटक) त्याच्या खणाच्या कडांना चिकटवतं. खणच वाढला नाही तर विजेट ताणणार कुठे? खण वाढवायचं काम 'वेट'चं, म्हणजे उरलेल्या जागेतला वाटा ठरवणाऱ्या आकड्याचं, आणि तो मुळात शून्य असतो.

समजा, शून्य क्रमांकाच्या कॉलममध्ये 'नाव', 'पत्ता' ही लेबलं आहेत आणि एक क्रमांकाच्या कॉलममध्ये भरायच्या चौकटी. मग 'कॉलमकॉन्फिगर'ने फक्त एक क्रमांकाला वेट १ द्या. लेबलांना देऊ नका, उगाच जागा खातात. पत्त्याची चौकट उंचीतही वाढायला हवी असेल तर तिच्या ओळीला 'रोकॉन्फिगर'ने तसंच. चौकटींना स्टिकी हवंच, ते विसरू नका.

हे सगळं एखाद्या फ्रेममध्ये (इतर विजेट ठेवायच्या चौकोनात) असेल तर फ्रेमच्या आत वेट देऊन भागत नाही. फ्रेम ज्या खणात बसली आहे, त्या मुख्य खिडकीच्या ओळीला आणि कॉलमलाही वेट द्या, शिवाय फ्रेमला चारही बाजूंनी स्टिकी. घोडं पेंड खातं ते बहुधा इथेच.

आणखी एक: वेट वाटून देतो ती फक्त उरलेली जागा. दोन कॉलमना १-१ दिला म्हणून ते सारख्या रुंदीचे होत नाहीत. त्यासाठी दोघांना 'कॉलमकॉन्फिगर'च्या 'युनिफॉर्म'मध्ये एकच नाव द्या.