उमेदवारांच्या डेटाबेसमध्ये निकाल भरताना: साताऱ्याची डबल एन्ट्री आणि पलूसचा नोटा

साताऱ्यात 2019 मध्ये लोकसभेची निवडणूक दोनदा झाली. एप्रिलच्या मतदानात उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून निवडून आले. राजीनाम्यानंतर ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत भाजपचे उमेदवार म्हणून ते श्रीनिवास पाटलांकडून हरले. डेटाबेसची की (key, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण) 'मतदारसंघ + वर्ष' अशी ठेवली तर दुसरा निकाल पहिल्यावर चढतो आणि एप्रिलचा विजय गायब होतो. म्हणून की मध्ये मतदानाची तारीख घातली (23 एप्रिल, 21 ऑक्टोबर). पक्षही उमेदवाराच्या टेबलातून काढून उमेदवारीच्या ओळीत टाकला, नाहीतर जुन्या निकालांचा पक्षही बदलतो.

पलूस-कडेगावची अडचण वेगळी. 2018 ची पोटनिवडणूक बिनविरोध. तिथे मतांचा रकाना रिकामाच हवा. शून्य भरलं की सरासरी बिघडते. 'बिनविरोध' असा वेगळा खूण-रकाना ठेवावा. 2019 ला तिथे नोटा (NOTA, 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय) दुसऱ्या क्रमांकावर होता. नोटाला उमेदवार म्हणून आयडी देऊ नका, मतं मात्र स्वतंत्र ओळीत जपा. अनामत वाचण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात आणि त्या वैध मतांत नोटा धरत नाहीत. इथे हमखास चूक होते.

आकडे फॉर्म 20 (अंतिम निकालाचा अधिकृत तक्ता) वरूनच घ्यावेत. फेरीनिहाय बातम्यांत टपाली मतं कधी धरलेली असतात, कधी नसतात. शेवटी सगळ्या उमेदवारांची बेरीज वैध मतांशी जुळवावी. एका मताचाही फरक असला तर ती नोंद 'तपासलेली' करू नये.