रूम करेक्शन : टार्गेट कर्व्ह निवडताना या चुका टाळा

रूम करेक्शन म्हणजे खोलीत स्पीकरचा आवाज माइकने मोजून तो सॉफ्टवेअरने सुधारणं. कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज येतो त्याचा ग्राफ निघतो आणि तो शेवटी जसा दिसायला हवा ती रेघ म्हणजे टार्गेट कर्व्ह. माइक हातात आला की पहिली हौस हा ग्राफ सपाट करायची. २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत पट्टीने आखलेली रेघ, लगेच स्क्रीनशॉट, लगेच ग्रुपवर. मग गाणं लावलं की डग्गा गायब, झांजा टोचतात आणि खापर फुटतं स्पीकरवर.

चांगला स्पीकर सपाट असतो तो प्रतिध्वनी नसलेल्या चेंबरमध्ये, समोरून मोजल्यावर. घरात तसं नसतं. बास (खालचे सूर) चहूकडे पसरतो, ट्रेबल (वरचे सूर) समोरच एकवटतो आणि उरलेला पडदे-गाद्या शोषतात. त्यामुळे खोलीत मोजलेली रेघ डावीकडून उजवीकडे उतरणारच. ब्रुएल अँड केअर या ध्वनिमापन उपकरणांच्या कंपनीने १९७४ साली असाच उतरता कर्व्ह सुचवला होता. पुढे हर्मन या ऑडिओ कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी घेतलेल्या ऐकण्याच्या चाचण्यांतही श्रोत्यांची पसंती उताराकडेच होती. मी खालपासून वरपर्यंत सहा-आठ डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) उतार ठेवतो आणि ३०० हर्ट्झच्या वर शक्यतो हात लावत नाही. तिथे स्पीकर बरा नसेल तर स्पीकर बदला.

दुसरी चूक खिशाला लागते. एका मित्राची १२ फुटी खोली, सोफा बरोबर मधोमध. ग्राफमध्ये ४७ हर्ट्झपाशी खड्डा. पठ्ठ्याने टार्गेटला चिकटायचं म्हणून तिथे १० डीबी चढवले. १० डीबी म्हणजे दहापट पॉवर! मोठ्या आवाजात सिनेमा लावला आणि ॲम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद. खड्डा मात्र जागच्या जागी. समोरच्या आणि मागच्या भिंतींमधल्या पहिल्या मोडचा (भिंतींमध्ये घुमणाऱ्या लहरीचा) दाब खोलीच्या मध्यावर शून्याजवळ असतो, तिथे कितीही पॉवर ओतली तरी फरक पडत नाही. सोफा दोन फूट मागे सरकवला आणि खड्डा बराचसा भरला. वहिनींनी मागे शोकेस आहे म्हणून आधी विरोध केला, तो वेगळा विषय. उंचवटे कापा, खड्डे भरू नका. फारच वाटलं तर तीन डीबी, त्यापुढे नाही.

हर्मनचा हेडफोनसाठीचा टार्गेट कर्व्ह स्पीकरला लावणारेही भेटतात. फाइलचं नाव तरी वाचा. सिनेमागृहांसाठीचा एक्स-कर्व्ह घरात नको, तो मोठ्या हॉलसाठी आहे. माइक छताकडे रोखलेला असेल तर कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) ९० अंशांचीच हवी, नाहीतर ट्रेबलचं मापच चुकेल. आणि मोजताना पंखा बंद करा, हे सांगावं लागतं!

करेक्शन चालू-बंद करून लगेच निकाल देणाऱ्यांना तर हात जोडतो. उंचवटे कापले की एकूण आवाज खाली येतो आणि मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. आधी दोन्हींची पातळी सारखी करा. मग एकच कर्व्ह आठवडाभर ठेवा, रोजची गाणी ऐका आणि तेवढे दिवस लॅपटॉप उघडू नका.